नाइट करून आलेला माणूस

५ फेब्रुवारी

ही डायरी सुनेने पाठवली. रीनाच्या ऑफिसात नवीन वर्षाच्या वाटतात, तिला एक जास्तीची मिळाली असावी. वर चिठ्ठी होती, "आई, मनातलं लिहीत जा, बरं वाटतं." म्हणजे मला बरं वाटत नाही हे हैदराबादेपर्यंत पोचलं आहे तर.

पराग दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, बीपीची गोळी घेतली का, गॅस बंद केला का. तिन्हीला हो म्हटलं की फोन संपतो. चांगला मुलगा आहे, विसरत नाही. पण फोन ठेवल्यावर मला वाटतं, आपण दोघांनी मिळून एक फॉर्म भरला.

आज लिहायला विषय मिळाला म्हणून उघडली. समोरच्या बागेत एक माणूस झोपतो. सकाळी सायकलवर येतो, कोपऱ्यातल्या बाकाशी सेफ्टी बूट काढतो, ते उशाला घेतो आणि तोंडावर गमछा टाकून आडवा होतो. कॉलनीतल्या बाया म्हणतात पिऊन पडतो. मी व्हरांड्यातून पाहिलं आणि हसूच आलं. डोळ्यांच्या कडांना काजळ भरल्यासारखा कोळसा. तो धुऊन जात नाही, मी पंचवीस वर्षं उशांचे अभ्रे धुतले आहेत. हा पिऊन आलेला नाही, नाइट करून आलेला आहे.

९ फेब्रुवारी

परागचे बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर. घराच्या गेटवर अजून त्यांच्याच नावाची पाटी आहे, रा. ना. भोयर. जाऊन दोन वर्षं होतील. आम्ही सेक्टरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा आमच्या लाइनीत एक पद्धत होती. कुणी नाइट करून आला की बायको दाराच्या कडीला फडकं बांधायची. कडी वाजायची नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायचंही. भाजीवाला त्या दारासमोर ओरडायचा नाही. पोरं चेंडू घेऊन पलीकडे जायची. कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

आमच्या घरात तर मी कुकरची शिटीसुद्धा होऊ दिली नाही. भात मोकळ्या पातेल्यात. पराग पाढेही कुजबुजत शिकला, किचनमध्ये माझ्या मांडीला टेकून. सगळी लाइन म्हणायची, भोयरबाईच्या घरी पोर आहे की नाही कळत नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

रिटायर झाल्यावर रिसालीत हे घर बांधलं तर यांनी मागची खोली काळी करून घेतली. खिडकीच्या काचांना आतून रंग, वर पुठ्ठा. मी भांडले, आता कुठली नाइट? म्हणाले, "मले उजेडात झोप येत नाही आणि रात्री तर येतच नाही, का करू?" शेवटपर्यंत दिवसाच झोपले. ती खोली तशीच आहे. मी आठवड्यातून एकदा झाडते.

१३ फेब्रुवारी

बागेतली पोरं त्या माणसाच्या डोक्याशी क्रिकेट खेळतात. मी सोमवारी जाऊन दटावलं. "आंटी, पार्क है," म्हणाली. बरोबर आहे त्यांचं. म्हणून मी आपली जुनी पद्धत केली, बागेच्या गेटच्या कडीला निळं फडकं बांधलं. संध्याकाळी पाहिलं तर काढून फेकलेलं. तेव्हापासून रोज सकाळी बांधते, संध्याकाळी काढलेलं असतं. इथे कुणाला अर्थच माहीत नाही. नवी वस्ती, कुणी दुकानदार, कुणी बँकेतला. समजावून सांगावं लागेल.

१६ फेब्रुवारी

आज कॉलनीच्या समितीची मीटिंग होती, मी मुद्दाम गेले. एरवी मी जात नाही, तिथे पाण्याच्या टाकीवरून भांडतात. शेवटी उभी राहिले आणि सांगितलं की सकाळपासून दुपारपर्यंत बागेत शांतता ठेवा, एक माणूस ड्यूटी करून येतो, झोपतो, त्याला त्रास होतो.

सेक्रेटरी टिकारामजींनी लगेच मोबाइल काढला. "कौन आदमी, भाभीजी? कहाँ सोता है? रोज आता है?" मी सगळं सांगितलं. कुठला बाक, किती वाजता, सायकल कुठे लावतो. ते लिहून घेत होते. "आपने बहुत अच्छा किया जो बताया," म्हणाले. बाकीचेही माना हलवत होते.

घरी आले तेव्हा पाय हलके झाले होते. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझं पूर्ण ऐकून घेतलं. टिकारामजी वरून खडूस वाटतात, पण माणूस ऐकणारा आहे.

२१ फेब्रुवारी

बागेच्या गेटवर बोर्ड लागला आहे. "उद्यान में सोना, लेटना, सामान रखना मना है." आणि दिवसभर कुलूप, फक्त सकाळ-संध्याकाळ फिरायला उघडणार. चौकीदाराने आज त्या माणसाला उठवलं. मी व्हरांड्यात होते. त्याने बूट घातले, सायकल घेतली. लेस बांधायलाही थांबला नाही.

कुणीतरी तक्रार केली असणार. मेल्याचं काय खात होता तो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टिकारामजींना विचारणार होते कोणी केली म्हणून, पण ते गाडीत बसून गेले.

आता बाग अगदी शांत आहे. मी मागितली होती तशीच.

२८ फेब्रुवारी

भाजी आणायला गेले तर तो बस स्टॉपच्या पत्र्याखाली बसल्या बसल्या झोपलेला. मान छातीवर. मी बाजूला बसले. ट्रकने हॉर्न दिला तसा दचकून उठला आणि उठल्या उठल्या म्हणाला, "जाऊन राहिलो, जाऊन राहिलो."

"मी काही चौकीदार नव्हे," मी म्हटलं. "कोणत्या डिपार्टमेंटले आहेस?"

मराठी ऐकून त्याने गमछा नीट केला. नाव नत्थू. आमगावकडचा. ठेकेदाराकडे आहे, कोक ओव्हनलाच, भट्ट्यांचे दरवाजे साफ करायच्या गँगमध्ये, कायमची नाइट. आधी चौघांत एक खोली होती, पाळीपाळीने झोपायचे. घरमालकाने ती पाडली, तिथे दोन मजली बांधतो आहे. इतर तिघे दिवसपाळीवाले, त्यांची कुठेकुठे सोय झाली.

"अन् तू रैनबसेऱ्यात कावून नाही जात? निगमची गाडी फिरून सांगते ना, रस्त्यावर झोपू नका, तिथी चला म्हणून."

"नेलं होतं मावशी, गाडीतच बसवून नेलं. चांगलं आहे, गादी आहे, कंबल आहे. पण ते संध्याकाळी उघडते. सकाळी साताले सगळ्याइले बाहेर काढतेत, झाडतेत, कुलूप लावतेत. मी तर साताले प्लांटच्या गेटातून निघतो."

मग आपणच हसला. दात पांढरे शुभ्र. मला वाईट वाटलं ते त्याच्या हसण्याचं.

४ मार्च

रैनबसेऱ्यात, निगमच्या त्या रात्रीच्या निवाऱ्यात, मी स्वतः जाऊन आले. ऑटो करून, स्टेशनकडे. नत्थू खरं बोलत होता. जाळीतून दिसल्या त्या खाटा, एका ओळीत, घडी घातलेल्या चादरी, भिंतीवर टीव्ही. भर दुपारी सगळ्या रिकाम्या. बाहेर पायरीवर माणसं बसून होती, संध्याकाळ होण्याची वाट बघत.

केअरटेकर बिचारा भला माणूस, मला खुर्ची दिली. "दिन में कौन सोता है, माताजी?" म्हणाला.

मी म्हटलं, "आधा भिलाई दिन में सोता है बेटा, तभी तो रात को भट्टी चलती है." नियम त्याने केलेला नाही, हेही मला माहीत होतं. तरी बोलून घेतलं.

९ मार्च

परागचा फोन आला. जेवले, गोळी घेतली, गॅस बंद आहे. आज नत्थूचं सांगावं असं मनात होतं. "पराग, ऐक ना," एवढं म्हटलं, तर तो म्हणाला, "बोल ना आई, जल्दी, मीटिंगची तयारी करून राहिलो." मग म्हटलं काही नाही, इकडे ऊन तापायला लागलं.

१२ मार्च

नत्थूच्या हाताला पट्टी आहे. तीन ठिकाणांहून उठवलं या आठवड्यात, पुलाखालून, दुकानाच्या ओट्यावरून, झाडाखालून. काल रात्री कामावर उभ्या उभ्या डोळा लागला आणि हात तापलेल्या दरवाज्याला टेकला. "थोडंसंच," म्हणाला. कोक ओव्हनच्या दरवाज्याला थोडंसं काही नसतं. मी यांच्याकडून ऐकलेलं सगळं आठवलं. झोप न झालेला माणूस तिथे एक पाऊल चुकला तर घरी येत नाही.

मागच्या खोलीचा विचार मी कालपासून करते आहे. नाही, खोटं कशाला, पहिल्या दिवसापासून करते आहे. पण बाईमाणूस एकटी, परका माणूस घरात. लोक काय म्हणतील? मी सदुसष्टची, गुडघे कुरकुरतात, माझ्यात कुणाला काय दिसणार आहे? पण लोकांना दिसतं. लोकांची नजर फार तेज असते.

१७ मार्च

होळी झाली आणि आज मी त्याला सांगून टाकलं, माझ्या मागच्या खोलीत झोपत जा. तो कितीतरी वेळ सायकलची घंटीच चोळत होता. "मावशी, लोकं?" म्हणाला. मी म्हटलं मागच्या दाराने ये, सायकल गल्लीत लाव, कुणाला कळणार नाही.

१८ मार्च

घरात कुणीतरी झोपलं आहे.

तो आला, मागच्या नळावर पाय धुतले, खोलीत गेला आणि दार लावल्याबरोबर घोरायला लागला. पाणी विचारायचं राहूनच गेलं. मी बेलचं बटण बंद केलं. फोन बंद केला. गेटच्या कडीला फडकं बांधलं. भात मोकळ्या पातेल्यात लावला. हात सगळं आपणहून करत होते.

मग किचनमध्ये पाटावर बसून घोरणं ऐकलं. यांचं घोरणं बारीक होतं, याचं जाड आहे. दुपारी कधी माझाच डोळा लागला ते कळलं नाही. दोन वर्षांत दिवसाउजेडी मला अशी झोप आली नव्हती.

२३ मार्च

आजचं आजच लिहिते.

आज रविवार, मी विसरले. फोन बंद, बेल बंद. पराग सकाळपासून लावत होता. त्याला वाटलं आई गेली. त्याने टिकारामजींना फोन केला, ते चार माणसं घेऊन आले. गेट हलवलं, कडीला फडकं, आवाज नाही. मग दारावर धडाधड लाथा. मी किचनमधून धावत येईपर्यंत दार उघडलंच होतं, आणि मागच्या खोलीतून नत्थू बनियनवर, अनवाणी, झोपेत डोळे चोळत बाहेर आलेला. त्याला वाटलं प्लांटमध्ये काही झालं.

मग टिकारामजी म्हणाले, "भाभीजी, ये तो वही आदमी है जिसकी आपने शिकायत की थी."

"मैंने?"

"मीटिंग में. आपके ही कहने पर तो बोर्ड लगाया."

नत्थूने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण इतक्या माणसांसमोर ते फडकं, ती लाइन, तो कुकर, कसं सांगणार होते? त्याने बूट उचलले, शर्ट खांद्यावर टाकला आणि मागच्या दाराने निघून गेला.

मी तक्रार केलेली नाही. मी फक्त शांतता मागितली होती.

२५ मार्च

पराग आला. रात्रभर गाडीत बसून, डोळे लाल. आल्या आल्या म्हणाला घर विकू, चल माझ्याबरोबर. मी म्हटलं आधी झोप. इतर खोल्यांत ऊन होतं म्हणून मागच्या खोलीत गेला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. मी बेल बंद ठेवली.

उठून किचनमध्ये आला, पाटावर बसला. चहा घेताना हळूच म्हणाला, "आई, लहानपणी मले वाटे का आपल्या घरी कोणीतरी बिमार आहे. हमेशा. मी दोस्ताइले घरी आणतच नव्हतो."

ज्या गोष्टीचा मी जन्मभर अभिमान बाळगला तीच तो सांगत होता.

"तुह्या बाबाइची झोप..." मी म्हटलं.

"माहीत आहे ना. चूक नाही म्हणून राहिलो." मग कपाकडे बघत म्हणाला, "फक्त इथी किचनमध्ये तू माह्याशी बोले. कानापाशी. सगळं सांगे."

"मग आता कावून नाही बोलत तू?"

"आता जोरात बोला लागते ना, फोनवर. मले ते जमतच नाही."

मग मी त्याला नत्थूचं सगळं सांगितलं, बाग, मीटिंग, बोर्ड. मीटिंगचं ऐकून तो कपाळाला हात लावून हसला आणि मग हसायचा थांबला. "आई, तू त्याची जागा सांगून आली," म्हणाला. मी म्हटलं, हो, मी सांगून आले. हे मला मोठ्याने म्हणायला पराग यावा लागला.

२६ मार्च

पराग गेला. घर विकायचं दिवाळीपर्यंत राहू दे म्हणाला. मी म्हटलं, नत्थू सापडला तर त्याला मी परत आणणार आहे. तो बूट घालत होता. मग म्हणाला, "आणायचं तर समोरच्या दारानं आण. अन् फोन चालू ठेव."

३० मार्च

आज पाडवा. गुढी उभारली आणि सकाळीच बस स्टॉप गाठला. तिथे नव्हता. पुलाखालीही नाही. शेवटी प्लांटच्या गेटाबाहेर उभी राहिले, नाइट सुटते तिथे. इतक्या वर्षांत मी कधी त्या गेटाशी गेले नव्हते. आमचं काम घरी वाट पाहण्याचं. माणसं सायकली काढत होती, सगळ्यांच्या डोळ्यांत तेच काजळ.

मला पाहून तो थांबला. मी तिथेच, रस्त्यात, म्हटलं, "नत्थू, मी तुह्यासाठी शांती मांगितली होती. मले वाटलं सगळे आमच्या लाइनीसारखेच असतेत. माह्यानं तुही जागा गेली."

तो म्हणाला, "मावशी, बागेच्या गेटाले निळं फडकं तुम्हीच बांधत होते ना? आमच्या गँगमधल्या बुढ्यानं सांगतलं होतं एकदा, जुन्या सेक्टरमध्ये असं बांधत होते. मी सकाळी पाहो. वाटे, कोणालातरी मालूम आहे आपण झोपून राहिलो." मग म्हणाला, "त्या दिवशी मले समजलं नाही. मंग ते फडकं आठवलं अन् समजलं."

मला रडू आलं. गेटावरचे लोक बघत होते, बघू देत.

तो समोरच्या दाराने आला. मी दार सताड उघडं ठेवलं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. टिकारामजी दुपारी गेटाशी आले. त्यांनी बेल वाजवण्याआधीच मी बोट ओठांवर ठेवलं. "धीरे, टिकारामजी. आदमी सोया है." ते उभे राहिले, आत पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. मग चपला न वाजवता गेले.

१९ एप्रिल

ऊन असं की व्हरांड्यातून कूलर ओढून आत घ्यावा लागला. लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. तो येतो, झोपतो, दुपारी उठून चहा घेतो, आमगावला असलेल्या आपल्या पोरींच्या शाळेचं सांगतो, जातो. बाया आधी कुजबुजल्या, आता विचारतात, "उठा क्या आपका नाइट वाला?"

परागचा फोन मागच्या रविवारी लांबला. नत्थू झोपलेला म्हणून मी हळू बोलत होते, तोही आपोआप हळू बोलायला लागला. रीनाशी त्याचं काही बिनसलं आहे, ते निघालं. मी ऐकून घेतलं.

२४ एप्रिल

नत्थूला दिवसपाळी मिळाली. हात भाजला म्हणून गँग बदलून दिली, सकाळी जायचं, संध्याकाळी सुटायचं. आता रात्री रैनबसेऱ्यात झोपेल, रीतसर, गादीवर. गावाकडे जायचं तोपर्यंत तिथेच राहीन म्हणाला. टरबूज घेऊन आला होता. खोलीची चादर स्वतः धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली.

"आता माणसासारखी रात्री झोप घेईन मावशी," म्हणाला. चेहरा उजळला होता. मी म्हटलं फार चांगलं झालं, आणि ते खरंच होतं. मला मनापासून आनंद झाला.

तो गेल्यावर टरबूज कापलं. एकटीने किती खाणार?

२७ एप्रिल

घर फार मोठं वाटतं. मी सकाळपासून कुकर लावला, शिटी होऊ दिली, रेडिओ लावला, भांडी आपटली. काही उपयोग झाला नाही.

दुपारी परागचा फोन आला. मी सवयीने हळूच म्हटलं, "बोल."

त्याने आवाज खाली घेतला. "झोपला आहे का तो?"

मी मागच्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं, चादर घडी केलेली, पुठ्ठ्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ खाटेवर पडलेली.

"हो," मी म्हटलं. "झोपला आहे."

"मंग मी पण हळूच बोलतो," पराग म्हणाला. आणि बोलला. रीनाचं, नोकरीचं, रात्री झोप येत नाही त्याचं. बाबांसारखं होऊन राहिलं म्हणाला. मी पाटावर बसून फोन कानाला घट्ट लावला होता. चहा समोर गार झाला. जेवलीस का, हे त्याने विचारलंच नाही.

ठेवताना कुजबुजला, "आई, उद्या पण याच टायमाले करतो. तो झोपून राहील ना तवा?"

मी म्हटलं, "राहील."

मग रेडिओ बंद केला आणि बाहेर जाऊन गेटच्या कडीचं सैल झालेलं फडकं पुन्हा घट्ट बांधलं.